ऐकणारीचं ओझं



या अंकाचा विषय ठरवताना संपादक मंडळात बरीच वादावादी झाली. 'मार खाणाऱ्या बाईविषयी लिहायचं सोडून समुपदेशकांविषयी कशाला लिहायचं?' असा एकीचा रोखठोक सवाल होता. दुसरीचं म्हणणं असं की थकवा सगळ्यांनाच येतो, शेतात राबणारीला येतो, धुणीभांडी करणारीला येतो, मग केंद्रात खुर्चीवर बसून ऐकणारीच्या थकव्याचं एवढं कौतुक का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण बाईला मिळणारा न्याय आणि तिचं ऐकणारीची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला वाटत नाही. म्हणूनच हा अंक.

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीच्या तीन केंद्रांतून अनुभवी समुपदेशक काम सोडून गेल्या. कुणी भांडून गेलं नाही. एकीनं तब्येतीचं कारण सांगितलं, एकीनं घरच्या अडचणीचं, तिसरी शाळेत नोकरीला लागली. त्यांच्या जागी आलेल्या मुली हुशार आहेत, समाजकार्याची पदवी घेतलेल्या आहेत. पण पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात जुन्या केसेसची जाड वही पडली आणि 'काही अडलं तर विचार' एवढंच सांगितलं गेलं. विचारायचं कुणाला, ते सांगायला मात्र कुणी शिल्लक नव्हतं. जुन्या ताईला भेटायला आलेल्या बायांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. काही जणी परत आल्याच नाहीत.

हे काम उभं कसं राहिलं ते आठवून पाहू. पुण्यात १९८२ मध्ये नारी समता मंचाची सुरुवात झाली. त्या काळी हुंडाबळींच्या बातम्यांनी शहर हादरलं होतं. मोर्चे, पोस्टर प्रदर्शनं, पथनाट्यं झाली आणि त्यातूनच बाया एकेकट्या येऊन विचारू लागल्या, 'ताई, माझ्याही घरी असंच आहे, काय करू?' 'बोलते व्हा' या केंद्राचं नावच त्या गरजेतून आलेलं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्या छताखाली बसून बाईच्या बाजूनं काम करता येतं हे दाखवून दिलं. पुढे हा कक्ष राज्यभर गेला. २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. २०१५ पासून 'सखी' केंद्रं आली. मैत्रीच्या नात्यानं सुरू झालेलं ऐकण्याचं काम हळूहळू कायद्याच्या, प्रकल्पांच्या आणि अहवालांच्या चौकटीत आलं. त्याचा बायांना फायदाच झाला. पण ऐकणारीच्या वाट्याला चौकटीतलं काम आलं आणि चौकटीतली सुरक्षा आली नाही. तिला पगाराऐवजी मानधन, नेमणुकीऐवजी अकरा महिन्यांचा करार, आणि सेवेची भाषा मात्र पूर्वीचीच.

आमची खोली मार्केट यार्डाच्या जवळ आहे. इथे येणाऱ्या बाया आंबेडकरनगर, प्रेमनगर, बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर या भागांतल्या. कुणी कांदा-बटाटा निवडायला जाते, कुणी धान्य साफ करते, कुणी कचरा वेचते, कुणाचा नवरा हमाल, कुणाचा टेम्पोचालक. दुपारी काम आटोपलं की त्या येतात. अशा एका दुपारी समुपदेशकानं काय काय करायचं असतं? आधी ऐकायचं. ऐकता ऐकता आज रात्री हिच्या जिवाला धोका आहे का, हे ताडायचं. मुलं कुठे आहेत ते विचारायचं. दवाखान्यात न्यायचं की पोलीस चौकीत, हे ठरवायचं. कौटुंबिक घटना अहवाल भरून घेण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याला फोन करायचा. नवरा दाराशी येऊन उभा राहिला तर त्याच्याशी बोलायचं. आणि हे होईपर्यंत बाकावर आणखी दोघी वाट पाहत बसलेल्या असतात.

संध्याकाळी ही ताई घरी जाते. तिथे तिची स्वतःची चूल, मुलांचा अभ्यास, सासूचं पथ्यपाणी. एकीनं मला सांगितलं, 'भाजी चिरताना सकाळच्या बाईची भाजलेली पाठ डोळ्यांपुढे येते. नवऱ्यानं दार जरा जोरात लावलं तरी मी दचकते. माझ्या नवऱ्यानं कधी बोट लावलेलं नाही मला.' दुसरी म्हणाली, 'तिसऱ्यांदा परत नांदायला गेलेल्या बाईचा मला आता राग येतो. पूर्वी येत नसे.' त्या दोघी दुबळ्या नाहीत. कामच त्यांच्या आत शिरलं आहे.

जगाला या गोष्टीचं नाव सापडून बरीच वर्षं झाली. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'बर्नआउट' या अवस्थेविषयी लिहिलं. ध्येयानं आलेले, रात्र रात्र राबणारे कार्यकर्तेच आधी विझतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे हा शब्द मुळात आपल्यासारख्यांच्याच कामातून आलेला आहे. पुढे १९९० मध्ये मक्कॅन आणि पर्लमन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी, दुसऱ्याच्या आघाताच्या कहाण्या सतत ऐकणाऱ्यांचा जगाकडे, माणसांकडे आणि स्वतःच्या सुरक्षिततेकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा बदलत जातो ते मांडलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. तिनं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था असं म्हटलं आहे. हा फरक आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. दोष ताईच्या मनात शोधायचा की कामाच्या रचनेत, याचं उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे मात्र उपाय सांगितले जातात ते सगळे ताईनं एकटीनं करायचे. योगासनं कर, डायरी लिही, छंद जोप, स्वतःसाठी वेळ काढ. यात वाईट काही नाही. पण बाईला मार बसतो तेव्हा आपण 'तू जरा शांत राहा, मन रमव' असं सांगत नाही. मारणाऱ्याला आणि मार खपवून घेणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारतो. मग आपल्याच कार्यकर्तीच्या बाबतीत व्यवस्थेचा प्रश्न तिच्या खासगी जीवनात का ढकलायचा? व्यक्तिगत तेच राजकीय, हे आपणच शिकवलं ना?

आणि यासाठी दूरची उदाहरणं कशाला हवीत? आमच्या खोलीतून बाहेर पडलं की हमाल भवन आहे. इथल्या हमालांच्या पाठीवर एके काळी शंभर-शंभर किलोचं पोतं असे. मान, गुडघे, मणके झिजून जात. त्यांना कुणी म्हटलं असतं की तालमीत जा, पाठ मजबूत करा, तर तो सल्ला ऐकून ते हसले असते. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीनं पोत्याचंच वजन कमी करा अशी मागणी लावून धरली. माणसानं उचलायचं ओझं पंचावन्न किलोपेक्षा जास्त असेल तर ते कमी करावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच केली होती. आपल्याकडे त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा पोतं पन्नास किलोवर आलं. दुसरी गोष्ट १९६९ च्या माथाडी कायद्याची. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, ना दवाखाना. या कायद्यानं मंडळं नेमली, मजुरी मंडळाकडे जमा करायला लावली आणि मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेतली. त्यातून निधी, ग्रॅच्युइटी, रजा मिळू लागली. एक मालक नाही म्हणून सुरक्षाही नाही, हे उत्तर हमालांनी मान्य केलं नाही.

समुपदेशकाच्या पाठीवरचं पोतं दिसत नाही, म्हणून त्याचं वजन कुणी केलेलं नाही. २००५ च्या कायद्याखालचे नियम पाहा. समुपदेशक शक्यतो बाई असावी, ती कोणत्याही पक्षाची नातलग नसावी, असं त्यात म्हटलं आहे. पात्रता आणि अनुभवाची अटही कायद्यात आहे. पण एकीनं दिवसाला किती केसेस घ्याव्यात, तिच्या पाठीशी कोण उभं राहील, ती अडली तर कुणाशी बोलेल, याबद्दल एक ओळ नाही. प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात भाडं, प्रवास, छपाई यांना रकाने असतात. ऐकणारीला ऐकून घेण्यासाठी रकाना नसतो.

आता मूळ आक्षेपाकडे येते. याचा पीडित बाईशी काय संबंध? थेट संबंध आहे. दमलेली समुपदेशक बाईचं नुकसान करते, आणि तेही सद्‌हेतूनं. केसेस साठल्या, डोकं चालेनासं झालं की सगळ्यात सोपी वाट कुठली? समझोता. दोघांना समोरासमोर बसवायचं, 'तू पिऊ नकोस, तू उलट बोलू नकोस' असं वाटून द्यायचं, कागदावर सह्या घ्यायच्या, केस बंद. अहवालातला आकडाही छान दिसतो. कायद्याचे नियम याच्या उलट सांगतात. समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं हा आहे. त्या बैठकीत मारणाऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, असं नियम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तडजोडीची बोलणी बाईची तशी इच्छा असेल तरच. हे नियम पाठ असून भागत नाही. 'ती पण काही कमी नाही' असं नवरा, दीर, जाऊ, शेजारीण एकापाठोपाठ एक सांगू लागतात, तेव्हा बाईच्या बाजूनं ठाम राहायला ताकद लागते. ती ताकद विश्रांतीतून येते, शिकण्यातून येते आणि सोबतिणींमधून येते.

शिकण्याविषयी थोडं सविस्तर. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तीन दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्र, फोटो. मग वर्षानुवर्षं काही नाही. पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी झालेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना नोंदणीचं नूतनीकरण करताना सतत शिकत राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. वस्तीत काम करणाऱ्या ताईकडून कुणी असं काही मागत नाही आणि तिला कुणी काही देतही नाही. शिवाय आपलं शिकणं दोन बाजूंचं आहे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, हे कौशल्य हवं. तिचं दुःख म्हणजे निव्वळ मेंदूतला बिघाड नव्हे, ही समजही हवी. पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा विचार स्त्रीवादी नजरेनं केला. त्यांच्या संस्थेच्या 'सेहेर' या कार्यक्रमानं पुण्याच्या वस्त्यांमध्ये जाऊन काम केलं. गोळीला नाव ठेवायचं नाही आणि गोळीवर सगळं सोपवायचंही नाही, हा तोल एका शिबिरात शिकता येत नाही.

मग कसा शिकता येतो? शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या. 'संगत' या संस्थेनं तिथे मानसशास्त्राचं आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना नैराश्यासाठी समुपदेशन करायला तयार केलं. सहा ते आठ भेटींचा, साध्या भाषेतला उपचार, प्राथमिक आरोग्य केंद्रात. तो उपयोगी पडतो असं २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्या बातमीत एक भाग झाकला जातो, तोच मला मोलाचा वाटतो. हे समुपदेशक नियमितपणे गटात बसत, संमतीनं ध्वनिमुद्रित केलेली एकमेकांची सत्रं ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर त्यांना गुण देत. सरावानंतर त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बरेच जुळू लागले. म्हणजे दहावी-बारावी झालेल्या ताईला 'तुला काय कळतं' म्हणायला जागा उरली नाही. पण त्याचबरोबर तिला एकटं सोडून चालत नाही, हेही तितकंच सिद्ध झालं.

याला इंग्रजीत सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडे त्याचं 'पर्यवेक्षण' केलं की हजेरी घेणारा साहेब डोळ्यांपुढे येतो. आपण साधं केस-चर्चा म्हणू. पण केस-चर्चा म्हणजे 'किती आल्या, किती मिटल्या' याचा हिशेब नव्हे. 'मी त्या बाईला असं का म्हणाले? मला तिचा राग का आला? ती माझ्याच जातीची, माझ्याच गावची आहे म्हणून मी जास्त गुंतले का? ती दुसऱ्या धर्माची आहे म्हणून मी अंतर राखलं का?' असे प्रश्न जिथे न घाबरता विचारता येतात, ती केस-चर्चा. तिथे बाईचं नाव, पत्ता, वस्ती बोलायची नाही. तिथे जे बोललं जाईल त्यावरून मानधन ठरवायचं नाही.

एक धास्ती खरी आहे. व्यवसाय, पात्रता, नोंदणी ही भाषा आली की चळवळ मागे पडेल, पदवीवाल्या पुढे येतील आणि वस्तीतली ताई चहापुरती उरेल, असं अनेक जणींना वाटतं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत समुपदेशक, समाजकार्यकर्ते असे व्यवसाय आले आहेत. नोंदवहीत कुणाचं नाव असेल, कुणाचं नसेल, याकडे स्त्रीसंघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. पण नोंदणीच्या भीतीनं शिकणंच नाकारलं तर नुकसान आपलंच. सुईणींचं ज्ञान असंच डावललं गेलं आणि त्यांच्या बाजूनं कागदावर काहीच नव्हतं. आपलं ज्ञान आपणच लिहून ठेवलं, तपासलं, एकमेकींना शिकवलं, तर उद्या कुणी विचारलं की दाखवता येईल.

पैशाचं काय, हा शेवटचा प्रश्न. काही गोष्टींना पैसा लागतो आणि तो मागितलाच पाहिजे. देणगीदारांच्या आणि सरकारच्या अंदाजपत्रकात केस-चर्चा आणि वार्षिक प्रशिक्षण यांचा स्वतंत्र रकाना हवा. प्रकल्प बदलला तरी ताईचा निधी आणि रजा टिकून राहील अशी, माथाडी मंडळासारखी, काही सामायिक व्यवस्था का होऊ नये, याचा विचार संघटनांनी एकत्र बसून करावा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणींनाही हे लागू आहे. त्या तर अधिकच एकट्या असतात. रजा घेतली की मिळकत बंद, आणि केस-चर्चेची फी पदरची.

पण काही गोष्टींना पैसा नाही, निर्णय लागतो. एका दिवशी नव्या केसेस किती घ्यायच्या ते संघटनेनं ठरवावं आणि पाटीवर लिहावं. जिवाला धोका असलेली केस एकटीनं हाताळायची नाही. ताईचा घरचा मोबाईल नंबर वाटायचा नाही. रात्रीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक, मानसिक त्रासासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक बाईला लिहून द्यायचा, आणि तो लागतो का हे आधी आपण लावून पाहायचा. आठवड्यातले दोन तास केस-चर्चेसाठी, कामाच्या वेळेतले, त्या वेळी दार बंद. केस आत्महत्येपर्यंत किंवा खुनापर्यंत गेली तर त्या समुपदेशकाला दुसऱ्या दिवशी बाकावर बसवायचं नाही. आधी तिचं ऐकायचं. तीन-चार संघटनांनी मिळून एखाद्या अनुभवी, निवृत्त समुपदेशकाला महिन्यातून एकदा बोलवायचं आणि तिला तिच्या वेळेचे पैसे द्यायचे.

'वाट पाहणाऱ्या बायांसमोर दार बंद कसं करायचं?' असं कुणी विचारेल. दोन तास बंद असलेलं दार पुन्हा उघडतं. ताई काम सोडून गेली की ते महिनोन्‌महिने उघडत नाही.

आमच्याकडून सुरुवात म्हणून मार्केट यार्डाच्या आमच्या खोलीत दर महिन्याला एक केस-चर्चा घेत आहोत. कोणत्याही संघटनेच्या समुपदेशकानं यावं, शिक्षणाची अट नाही, प्रवासखर्च देऊ. तुमच्या केंद्रात एकीकडे किती केसेस असतात, केस-चर्चा होते का, मानधन वेळेवर मिळतं का, शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, हे आम्हांला लिहून पाठवा. नाव घातलं नाही तरी चालेल. आलेल्या पत्रांवरून एक मागणीपत्रक तयार करून पुढच्या अंकात छापू आणि महिला व बालविकास खात्याकडे घेऊन जाऊ. हमालांना पोत्याचं वजन आधी मोजावं लागलं, मग ते कमी करा म्हणता आलं. आपणही मोजायला सुरुवात करू या.